कॉफीच्या बागेत कीड नेमकी कुठे बसली आहे, ते कसं शोधायचं

माझ्या पहिल्याच हंगामात एका कॉफीच्या बागेची पाहणी करून मी वहीत एकच आकडा लिहून आणला होता: फळ पोखरणारा भुंगेरा, चार टक्के. बागेच्या म्हाताऱ्या मुकादमांनी वही हातात घेतली, पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "ताई, चार टक्के, पण कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. शेवटी सगळ्या बागेवर सरसकट फवारणी झाली. तोडणीच्या वेळी कळलं की बहुतेक बागेत त्या भुंगेऱ्याचा पत्ताच नव्हता. वाळवणीच्या खळ्याला लागून असलेल्या एका पट्ट्यात मात्र ओंजळीतल्या दर दोन-तीन फळांमागे एक भोक पडलेलं निघत होतं. औषध वाया गेलं, माणसांचे दिवस गेले, आणि जिथे खरी गरज होती तिथे त्या एका फवाऱ्याने काहीच भागलं नाही.

तेव्हापासून पाहणीला जाताना मी आधी नकाशा काढते आणि मगच मोजायला बसते. ती पद्धत इथे सांगते. सगळ्यात जास्त बोलणार आहे ते फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याबद्दल, कारण जगभरच्या कॉफीला सर्वाधिक छळणारी कीड तीच आणि तिचं बसणं-उठणं एकदा कळलं की बाकीच्या किडींकडे कसं पाहायचं तेही कळतं.

कीड गटागटाने का बसते

हायपोथेनेमस हॅम्पेई हे या भुंगेऱ्याचं शास्त्रीय नाव. मादी जेमतेम दीड ते पावणेदोन मिलिमीटर, टाचणीच्या डोक्याएवढी, काळी. नर त्याहून लहान, आणि त्याला उडता येत नाही. मादी फळाच्या टोकाकडून, म्हणजे फूल गळून जिथे बारीकशी चकती राहते तिथून, आत शिरते, बीमध्ये बोगदे करते आणि तिथेच अंडी घालते. पिल्लांमध्ये दहा माद्यांमागे एखादा नर. बहीण-भावांचं मीलन फळाच्या आतच उरकतं, त्यामुळे बाहेर पडणारी प्रत्येक मादी नवा संसार थाटायला तयार होऊनच येते. समोरच पोसलेली फळं असतील तर तिला लांब जायची गरजच नसते. शेजारचा घोस, शेजारची फांदी, शेजारचं झाड.

आता तोडणीत सुटलेलं, काळं पडून फांदीला चिकटलेलं किंवा जमिनीवर पडलेलं एखादं फळ घ्या. महिनोन्महिने तसंच पडून राहिलेल्या एका फळातून शंभराच्या आसपास भुंगेरे निघू शकतात. कोरड्या दिवसांत ते आत दबा धरून बसतात आणि पहिल्या पावसाने ओल आली की बाहेर पडतात. म्हणजे गेल्या हंगामात जिथे तोडणी गचाळ झाली, तिथे या हंगामातला अड्डा. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धी पाहणी झाली असं मी मानते.

नकाशा आधी

कागद साधा चालतो, पण मोठा घ्या. त्यावर बागेची हद्द, पायवाटा, चढ-उतार, ओढा, सावलीची मोठी झाडं आणि सावलीतल्या खिडक्या, म्हणजे जिथे वरचं झाड पडल्यामुळे ऊन थेट खाली येतं त्या जागा, एवढं उतरवा. मग बागेत राबणाऱ्या माणसांना विचारून पुढच्या गोष्टींवर खुणा करा: तोडलेली फळं कुठे ओततात, गर कुठे काढतात, वाळवण कुठे होते, पोती कोणत्या वाटेने जातात, शेजारी सोडून दिलेली जुनी बाग आहे का, आणि मागच्या वेळी कोणत्या भागात तोडणी उशिरा किंवा घाईत झाली. हा शेवटचा प्रश्न मालकाला विचारून फारसा उपयोग नाही. तोडणाऱ्या बायकांना विचारा. त्यांना नेमकं झाड माहीत असतं.

पोत्यांची वाट का लिहायची, याचं उत्तर या भुंगेऱ्याच्या इतिहासातच आहे. मूळचा आफ्रिकेतला हा कीटक १८६७ साली कीटकशास्त्रज्ञ फेरारी यांनी शास्त्राला ओळख करून दिला तो व्यापारातून युरोपात आलेल्या कॉफीच्या बियांमधून. १९१३ मध्ये तो ब्राझीलला पोहोचला, १९८८ मध्ये कोलंबियात सापडला, १९९० मध्ये भारतात आणि २०१० मध्ये हवाईत. एवढे समुद्र त्याने पंखांवर ओलांडलेले नाहीत. देशादेशांत झालं तेच लहान प्रमाणात बागेत होतं. ज्या वाटेने पोती जातात, त्या वाटेच्या कडेची झाडं नेहमी संशयित धरा.

उतारावरची बाग असेल तर वरचा आणि खालचा भाग वेगळे मोजा. साधारण १५ अंश सेल्सियसच्या खाली या भुंगेऱ्याची वाढ थांबते, ३२ च्या वर त्याला सोसत नाही, आणि २५ ते २७ अंशांत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे महिन्याभरात पुरा होतो. त्यामुळे थंड, उंच भागात वर्षाला पिढ्या कमी होतात आणि खालच्या उबदार भागात जास्त. सावलीबद्दल मात्र छातीठोकपणे बोलू नका. सावलीत हा भुंगेरा वाढतो की घटतो, यावर वेगवेगळ्या देशांतले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. वहीत सावलीचा एक रकाना ठेवा, तुमच्या बागेपुरतं उत्तर दोन हंगामांत मिळेल.

झाडं निवडताना

मोजणी कधी सुरू करायची? फुलोऱ्यानंतर साधारण १२० ते १५० दिवसांनी. तोवर बी पाणीदार असतं. मादी फळाला भोक पाडून तोंडाशी थांबते, पण बी घट्ट झाल्याशिवाय आत संसार मांडत नाही. एका बागेत फुलोरा दोन-तीनदा येत असेल तर तारखा लिहून ठेवल्याशिवाय हा हिशेब लागत नाही. पहिल्या फुलोऱ्याची तुरळक फळं जिथे आधी पोसतात तिथे भुंगेरा सगळ्यात आधी गोळा होतो, म्हणून त्या जागाही नकाशावर घ्या. मोजणी सुरू झाली की महिन्यातून एक फेरी पुरते.

कोलंबियात रुळलेली पद्धत सोपी आहे: हेक्टरभराच्या तुकड्यात ३० झाडं, प्रत्येक झाडाच्या मधल्या उंचीवरची एक फांदी, तीवर ३० ते १०० फळं असावीत, सगळी मोजायची आणि पोखरलेली वेगळी मोजायची. पोखरलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की हालचाल करायची. मी हीच वापरते, फक्त चालण्यात बदल करते. नागमोडी चालून ३० झाडं घेतली की सरासरी ठीक मिळते, पण मधले मोठे तुकडे कोरे राहतात आणि 'कुठे' हे कळत नाही. म्हणून मी हेक्टरवर पाच बाय सहाची जाळी टाकते. दोन झाडांमध्ये साधारण १७ ते २० मीटर अंतर पडतं. ओळ आणि झाडाचा क्रमांक घरूनच ठरवून निघायचं. "बाराव्या ओळीतलं नववं" असं लिहिलं असेल तर नववंच. ते बांधाच्या पलीकडे चिखलात असलं तरी तेच. डोळा फार लबाड असतो. मोकळा सोडला तर तो वाटेकडेच्या, घोसांनी लगडलेल्या, हात सहज पोहोचेल अशा फांद्या शोधत जातो. माझे पहिले चार टक्के असेच आले होते. आलेला आकडा फारसा चुकीचा नव्हता, पण मी जे बघून आले होते ती बाग नव्हतीच, बागेची वाट होती.

एका झाडाला पूर्वेची फांदी घेतली तर पुढच्याला पश्चिमेची. फांदी तोडायची नाही. बुडापासून टोकाकडे घोसागणिक फळं बोटांनी फिरवत जायचं आणि प्रत्येक फळाची टोकाकडची चकती पाहायची. भोक असेल तर ते चकतीच्या मध्यात किंवा काठाला, गोल, कडा स्वच्छ, जवळपास मिलिमीटरभर रुंद असतं आणि बहुतेकदा तोंडाशी भुसा असतो. बुरशीचा डाग किंवा ओरखडा असा गोल नसतो. शंका आली तर भिंग लावा. दिवसाला तीस झाडं झाली की मान आखडते, म्हणून उंच झाडं सकाळी उरकून घ्या.

फळ उघडून पाहा

भोकं मोजून काम संपत नाही. प्रत्येक तुकड्यातून पोखरलेली काही फळं, शंभर जमली तर उत्तम, वेगळ्या झाडांवरून तोडून आणा आणि सावलीत बसून धारदार चाकूने उभी चिरा. मी गुडघ्यावर लाकडाची फळी घेते, वहीचं पान समोर आणि चार रकाने आखलेले.

'अ' म्हणजे मादी भोकाच्या तोंडाशीच, निम्मं अंग बाहेर. 'ब' म्हणजे बोगद्यात शिरलेली, पण बीपर्यंत न पोहोचलेली. 'क' म्हणजे बीच्या आत. 'ड' म्हणजे आत पिल्लावळ: पांढुरकी अंडी, बिनपायांच्या वळवळत्या अळ्या, कधी मेणासारखे कोष. पाचवा प्रकार मला सगळ्यात आवडतो. भोकाच्या तोंडाशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मरून अडकलेली मादी. ही ब्युव्हेरिया बॅसियाना, आपल्या बाजूची. तिची मोजणी वेगळी करा आणि ती कुठे जास्त दिसते तेही नकाशावर मांडा. दमट, कोंदट भागात ती जास्त भेटते.

हे सगळं कशासाठी? तर 'अ' आणि 'ब' मधल्या मादीपर्यंतच फवारा पोहोचतो. 'क' आणि 'ड' निम्म्याहून जास्त निघाले तर फवारणीला उशीर झाला आहे, आता हाताने फळं काढणं हाच इलाज. त्याच बागेत एका टोकाला सगळे 'अ' आणि दुसऱ्या टोकाला सगळे 'ड' असं मी पाहिलं आहे. टक्केवारी दोन्हीकडे सारखीच होती. जुना अड्डा 'ड' च्या बाजूला होता आणि 'अ' च्या बाजूला तिथून निघालेली नवी स्वारी येऊन ठेपली होती.

आकडेमोड, पण थोडीच

समजा दोन तुकडे आहेत. समजायला सोपं म्हणून प्रत्येकी दहाच झाडं घेऊ आणि प्रत्येक फांदीवर ५० फळं धरू. पहिल्या तुकड्यात पोखरलेली फळं अशी: २, १, ३, २, ०, ४, २, १, ३, २. दुसऱ्यात अशी: ०, ०, १, ०, ०, ९, ७, ३, ०, ०. बेरीज दोन्हीकडे २०, सरासरी दोन, म्हणजे दोन्ही तुकडे चार टक्के. वहीत फक्त सरासरी लिहिणाऱ्याला दोन्ही एकसारखेच.

आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि झाडांच्या संख्येतून एक वजा करून भागा. हा झाला पसारा, पुस्तकी भाषेत व्हेरियन्स. पहिल्या तुकड्यात वर्गांची बेरीज १२, तिला ९ ने भागून १.३३. दुसऱ्यात बेरीज १००, भागून ११.१. मग पसाऱ्याला सरासरीने भागा. पहिल्याचं उत्तर ०.६७, दुसऱ्याचं ५.६. उत्तर एकच्या आसपास असेल तर कीड कशीही, योगायोगाने विखुरली आहे. एकच्या बरंच खाली असेल तर बऱ्यापैकी समान पसरली आहे. एकच्या बरंच वर गेलं तर ती गटागटाने बसली आहे. फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा ते वरच जातं. पहिल्या तुकड्यासारखी बाग मला क्वचितच भेटली आहे, आणि भेटली तेव्हा हंगामाचा शेवट होता, अड्डे पसरून एकमेकांना भिडले होते.

एक खोच इथे लक्षात घ्या. दुसऱ्या तुकड्यातले ९, ७ आणि ३ शेजारी-शेजारी आहेत. हेच आकडे बागेच्या तीन कोपऱ्यांत असते तरी उत्तर ५.६ च आलं असतं, कारण या भागाकाराला कुठलं झाड कुठे उभं आहे हे माहीतच नाही. म्हणून आकडा काढून झाला की नकाशाकडे परत या. शून्याला रिकामं वर्तुळ, एक-दोनला अर्धं भरलेलं, तीन आणि वरच्याला पूर्ण काळं. कागद हाताभर लांब धरून डोळे किंचित मिटून पाहिलं की काळी वर्तुळं कुठे जमली आहेत ते लगेच दिसतं.

काळं वर्तुळ सापडलं की त्या झाडापाशी परत जा आणि तिथून चारही दिशांना झाडामागून झाड तपासत निघा. लागोपाठ दोन झाडं कोरी निघाली की थांबा आणि तिथे रंगीत फडकं बांधा. चार फडकी झाली की अड्ड्याची हद्द आखली गेली. फळं काढायची, फवारायचं ते या फडक्यांच्या आत आणि आणखी एखाद-दुसरी ओळ पुढे. बाकीच्या बागेला हात लावायचा नाही, तिथले मित्रकीटक जगू देत.

बाकीच्या किडी वेगळ्या जागा धरतात

हीच जाळी सगळ्या किडींना चालते, पण झाडाचा कोणता भाग पाहायचा ते बदलतं.

आशियातल्या अरेबिका जातीच्या कॉफीच्या बागांमधला पांढरा खोडकिडा, झायलोट्रेकस क्वाड्रिपेस, उन्हाचा सोबती आहे. प्रौढ लख्ख उन्हात फिरतात आणि मादी मुख्य खोडाच्या किंवा जाड फांद्यांच्या सालीच्या भेगांमध्ये अंडी घालते. म्हणून नकाशावरच्या सावलीतल्या खिडक्या आधी गाठा. इथे फांदी मोजून काही कळत नाही, अख्खं झाड मोजायचं: पिवळी पडलेली पानं, खोडावर सालीखाली उठलेले वळ, हात फिरवला की ते बोटांना लागतात. एका खिडकीभोवती पाच-सहा झाडं सापडली की तिथे सावली परत आणणं हा उपायाचाच भाग झाला.

फांद्यांना भोक पाडणारा झायलोसँड्रस कॉम्पॅक्टस रोबस्टा जातीच्या कॉफीला जास्त पकडतो आणि दाट, दमट भागात रमतो. वाळून माना टाकलेल्या कोवळ्या डहाळ्या दिसल्या की त्या उलट्या करून पाहा. बारीक भोक बहुधा खालच्या बाजूला असतं.

अमेरिका खंडातली पान पोखरणारी नागअळी, ल्युकॉप्टेरा कॉफीएला, कोरड्या, उघड्या, उन्हातल्या भागात वाढते. तिच्यासाठी फांदीच्या टोकाकडून तिसरी-चौथी पानांची जोडी पाहायची. पूर्व आफ्रिकेतला अँटेस्टिया ढेकूण दाटीवाटीच्या, न छाटलेल्या झाडांत लपतो. झाडाखाली कापड अंथरून फांद्या झटकल्या तरच तो हिशेबात येतो.

खवले किडीचा नकाशा काढायचा असेल तर खवले किडीला सोडा आणि मुंग्यांच्या मागे जा. मेक्सिकोतल्या चियापासमधल्या फिंका इर्लांडा या मळ्यात इव्हेट पर्फेक्टो आणि जॉन व्हँडरमीर या परिसंस्थेच्या अभ्यासकांनी ४५ हेक्टरवरचं सावलीचं प्रत्येक झाड तपासून अॅझ्टेका मुंग्यांची घरटी कुठे आहेत ते वर्षानुवर्षं नोंदवलं. शेकड्यात मोजकीच झाडं घरट्यांची, पण ती जथ्याजथ्याने. हिरवी खवले कीड त्या घरट्यांभोवतीच्या कॉफीवर माजलेली, कारण तिच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात. गंमत पुढेच आहे. तिथेच मुंग्यांवर हल्ला करणारी फोरिड माशी येते, खवले किडीवर पांढरी बुरशी येते, आणि ढालकिड्याच्या मेणात गुरफटलेल्या अळ्या मुंग्यांच्या नाकाखाली खवले कीड खात बसतात. शिवाय घरट्याजवळच्या कॉफीवर फळ पोखरणारा भुंगेरा कमी सापडल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून मुंग्यांचं घरटं दिसलं की लगेच जाळायला धावू नका. दोन्ही किडींचे नकाशे पारदर्शक कागदावर काढून एकमेकांवर ठेवा, मग ठरवा.

सापळ्यांबद्दल थोडं

मिथेनॉल आणि इथेनॉलच्या मिश्रणाचे लाल सापळे भुंगेऱ्यांच्या माद्या ओढतात. मिथेनॉल विषारी आहे, बाटली भरताना हातमोजे घाला आणि उघड्यावर भरा. सापळा मला सांगतो की उडणं सुरू झालं. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसाबरोबर त्यातली संख्या एकदम वाढते. पण सापळ्यात भुंगेरे जास्त म्हणजे त्याच झाडावर कीड जास्त, असं समजू नका. तो आजूबाजूच्यांना बोलावून घेतो. नकाशावर सापळ्याचा आकडा वेगळ्या रंगात लिहा, फांद्यांच्या आकड्यात मिसळू नका.

तोडणी संपली की

हंगाम संपल्यावर लोक नकाशा घडी घालून ठेवतात. माझं खरं काम तेव्हा सुरू होतं. फडकी बांधलेल्या जागांवर परत जायचं, झाडाखाली एक मीटर बाय एक मीटरची काठ्यांची चौकट टाकायची, पालापाचोळा बाजूला करून पडलेली फळं मोजायची आणि फांदीवर उरलेली काळी फळंही. तीन-चार चौकटी अड्ड्यात, तेवढ्याच अड्ड्याबाहेर.

त्या पहिल्या बागेत मी पुढच्या वर्षी परत गेले. खळ्यालगतच्या पट्ट्यात पहिलीच चौकट टाकली आणि मुकादम स्वतः उकिडवे बसून पाला सारायला लागले. एकेक काळं फळ उचलून ते पोत्यात टाकत होते आणि मोठ्याने मोजत होते. एकतीसला थांबले, पोत्याचं तोंड आवळून धरलं आणि म्हणाले, "ताई, लिहा. ही ओळ चौथी, झाड अकरावं."